एक बोट, चार बोटं

महाराजांनी उजव्या हाताची तर्जनी इंजिनाखाली घातली, डोळे मिटले, आणि जीपचं चार सिलिंडरचं इंजिन वीतभर वर गेलं.

गोदामात दोनशे माणसं होती. दोनशेच्या दोनशे जणांनी एकदम श्वास आत ओढला, त्यामुळे हवा थोडी कमी पडली असावी. मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या ताईला जांभई आली ती बहुतेक त्यामुळेच.

इंजिन दुरुस्तीच्या त्या गल्लीत तिला सगळेच ताई म्हणत, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले रंगवाले काकासुद्धा. जड वस्तू उचलून देणं हा तिचा धंदा. वडिलांनी पाइप जोडून घरीच केलेली तीन पायांची लोखंडी तिवई, एक चेन-पुली आणि चार पट्टे एवढ्या सामानावर ती गल्लीतल्या कुणाचंही इंजिन गाडीतून बाहेर काढायची आणि पुन्हा आत बसवून द्यायची. त्या दिवशी सकाळपासून तिने तीन इंजिनं उचलली होती, आणि तिन्ही जड होती. पाय भरून आले होते. पण धाकटा भाऊ पहिल्या रांगेत हात जोडून बसला होता, आणि त्याला घेतल्याशिवाय ती परत जाणार नव्हती.

"वजन हा भ्रम आहे," महाराज म्हणाले. बोट अजून इंजिनाखालीच होतं. "लोखंडाला कुणी सांगितलं की तू जड आहेस? आपणच सांगतो. पिढ्यान् पिढ्या सांगतो. बिचारं मनाला लावून घेतं. मी त्याच्या कानात एवढंच म्हणतो, बाळा, तू हलका आहेस. लोखंड भोळं असतं हो. ऐकतं."

त्यांचं पूर्ण नाव लांबलचक होतं, पण गल्ली त्यांना हलके महाराज म्हणायची, आणि यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नव्हतं.

इंजिनाला वरून दोर बांधलेला होता, हे सगळ्यांना दिसत होतं. जाडजूड दोर. तो छताला ताणलेल्या पांढऱ्या कापडाच्या भोकातून वर जाऊन दिसेनासा होत होता. पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याबद्दल विचारलं होतं. महाराज हसले होते. दोर वजन पेलण्यासाठी नाहीच, म्हणाले. इंजिन एकदा हलकं झालं की वर उडून जाऊ नये म्हणून तो बांधावा लागतो. हे उत्तर ऐकून विचारणाऱ्याचे डोळे पाणावले होते.

आता ही गल्ली काही अडाण्यांची नव्हती. चालत्या इंजिनाला नुसता कान लावून कुठला व्हॉल्व्ह सैल आहे ते सांगणारी माणसं इथे होती. घात झाला तो तिथेच. महाराजांची परीक्षा त्यांनी आपल्या पद्धतीने घेतली. शांत उभे राहिले आणि कान लावले. मोटरचा आवाज नाही, पंपाचा नाही, कॉम्प्रेसरचा नाही. आवाज नाही म्हणजे मशीन नाही, आणि मशीन नाही म्हणजे दैवी शक्ती. कापडाच्या वर काय आहे ते बघायचं कुणाला सुचलं नाही, कारण दोर मुळात आवाज करत नाही.

ताईने या गोष्टी दीड महिना सांगून पाहिल्या होत्या. आधी समजावून, मग भांडून, मग नुसतंच. आता तिला बोलायचाही कंटाळा आला होता.

कंटाळा परवडला असता, पण हलक्या दोऱ्यामुळे गल्लीतलं काम बिघडलं होतं. महाराजांनी फुंकर मारलेला लाल दोरा हुकाला बांधला की माल पडत नाही, आणि पडला तरी लागत नाही, असं ठरून गेलं होतं. लोक झिजलेले पट्टे टाकून द्यायचं सोडून त्यांना दोरे बांधू लागले. मागच्या आठवड्यात रंगवाल्या काकांच्या पायावर गिअरबॉक्स आला आणि अंगठा चेचला गेला. महाराज स्वतः भेटायला गेले. दोरा नसता तर अख्खा पाय गेला असता, म्हणाले. काका अजूनही लंगडत होते आणि लंगडत लंगडत दर्शनाला येत होते.

आणि ती आरोळी. कुठलाही माल उचलायच्या आधी साखळी धरणाऱ्याने विचारायचं, "खाली कोण?" दुसऱ्याने वाकून, चारी बाजूंनी बघून उत्तर द्यायचं, "कोणी नाही." मग माल चार बोटं उचलायचा, थांबायचं, पट्टा बघायचा, गाठ बघायची, माल कुठे कलतोय ते बघायचं, आणि मगच वर न्यायचा. वडिलांनी दोघा भावंडांना हे बोलता यायच्या सुमारास शिकवलं होतं. न बघता "कोणी नाही" म्हटलं की वडील कान धरून मालाखालची जमीन दाखवायचे आणि विचारायचे, बघितलीस का, हिच्यावर काय काय मावतं? धाकट्याचा डावा कान आजही थोडा मोठा होता.

तोच धाकटा आता "खाली कोण?" ला "खाली महाराज" म्हणायला लागला होता.

त्याला नावं ठेवणंही सोपं नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी एक पट्टा सरकून त्याचा हात थोडक्यात वाचला होता, आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. पस्तिशीचा बाप्या, दोन मुलींचा बाप, रात्र रात्र स्वतःच्या पंजाकडे बघत बसायचा. महाराजांनी मनगटाला दोरा बांधला त्या दिवशी तो नऊ तास झोपला. ताईकडे पुष्कळ मुद्दे होते, पण नऊ तासांच्या झोपेसमोर मांडता येईल असा एकही नव्हता.

आणि त्या दुपारी इंजिन खाली ठेवून महाराजांनी जाहीर केलं की, येत्या शुक्रवारी गल्लीतलं सगळ्यात मोठं इंजिन, बोटीचं, ते एका बोटावर उचलतील, आणि त्याखाली एक भक्त निर्धास्त झोपेल. भक्त पहिल्या रांगेत बसला होता. त्याचा डावा कान थोडा मोठा होता.

दोघं परत आली. गॅरेजच्या दारात ताई म्हणाली, "बायकोला सांगितलंस?"

"सांगेन."

"कधी? शनिवारी?"

तो हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी महाराजांचा सेवेकरी गॅरेजमध्ये आला. चाळिशीचा, वाळलेला, एक हात सतत कमरेवर. ताई ट्रकखाली आडवी पडून बोल्ट सोडवत होती, तिला त्याच्या फक्त चपला दिसत होत्या. बोटीच्या इंजिनाचं वजन किती, असं त्याने धाकट्याला विचारलं. धाकट्याने कंपनीचं पुस्तक काढलं, बोट फिरवलं आणि सांगितलं, तीनशे वीस किलो. सेवेकऱ्याने ते तळहातावर पेनाने लिहून घेतलं.

"अहो," ताई ट्रकखालून म्हणाली, "वजन भ्रम आहे ना?"

"हो," चपला म्हणाल्या.

"मग विचारता कशाला?"

चपलांनी बराच वेळ विचार केला. "भ्रम केवढा आहे," शेवटी उत्तर आलं, "ते महाराजांना माहीत असावं लागतं."

ताई तशीच पाठीवर पडून राहिली. हातातला पाना छातीवर ठेवला. पुस्तकातलं वजन म्हणजे कोरडं वजन. तेल नाही, गिअरबॉक्स नाही, फ्लायव्हील नाही. बाहेर तिवईशेजारी दुरुस्तीला आलेल्या त्या बोटीच्या इंजिनावर हे तिन्ही होतं. ते तिने स्वतः उतरवून घेतलं होतं आणि साखळी ओढताना तिच्या खांद्याने हिशोब केला होता: चारशेच्या वर, दहा किलो तरी. पुस्तक वाचणारे सगळेच ही चूक करतात. खांद्याने वाचणारे करत नाहीत.

पण चूक झाली तर बिघडतं कुणाचं? महाराजांना तीनशे वीस काय आणि चारशे दहा काय.

तेव्हा तिला भारकुंड आठवलं.

गोदामात शिरताना प्रत्येक भक्ताने आपला भार टाकायचा असे. मनातला एकेक भार म्हणून लोखंडाचा एकेक तुकडा: तुटका पिस्टन, झिजलेला गिअर, जुनं बेअरिंग, जे असेल ते. पडद्याच्या फटीतून सेवेकऱ्याच्या हातात द्यायचा, तो आत कुंडात टाकायचा. काल ताईच्या पुढे रांगेत चार जण होते, आणि सेवेकऱ्याने त्यांना परत पाठवलं होतं. पुरे, म्हणाला, आज कुंड भरलं. त्याच्या आदल्या खेपेला मोठं इंजिन होतं तेव्हा मात्र घरोघर माणूस पाठवून लोखंड मागवलं होतं. भक्ताचं दुःख किलोवर घेणारा आणि भरलं की पुरे म्हणणारा महाराज तिने पहिल्यांदाच पाहिला होता.

ती ट्रकखालून बाहेर आली, कपडे झटकले आणि धाकट्याला सगळं सांगितलं. दोर वर जातो, छताच्या आतून कप्प्यांवरून पलीकडे जातो, पडद्यामागे उतरतो. तिकडच्या टोकाला तुमच्याच लोखंडाने भरलेलं पिंप लटकतं. दोन्हीकडे वजन सारखं झालं की बोट काय, शिंक आली तरी इंजिन वर जाईल. आणि शुक्रवारी पिंप नव्वद किलोने हलकं असेल, कारण तू पुस्तक वाचलंस.

धाकटा ऐकून घेत होता. "तू पाहिलंस पिंप?"

"नाही."

"मग?"

"तू पाहिलास भ्रम?"

तो हसला नाही. पूर्वी हसला असता. "ताई, मला परत ती झोप घालवायची नाहीये," तो म्हणाला. "तुला कळत नाही का?"

तिला कळत होतं. म्हणूनच तिला इतकं थकल्यासारखं झालं. ती तिवईच्या पायावर बसली आणि एकच गोष्ट मागितली. झोप बाबा खाली, पण आधी चार बोटं. पहिल्यांदा उचलतील तेव्हा तू बाजूला उभा राहायचंस. चार बोटं वर गेलं, थांबलं, नीट राहिलं, तर मी स्वतः तुझ्या डोक्याखाली उशी देते.

"बघू," धाकटा म्हणाला.

शुक्रवारी दुपारी गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध दोन लाकडी घोड्यांवर, माणूस खाली झोपू शकेल एवढ्या उंचीवर, बोटीचं इंजिन ठेवलं होतं. त्याला जो पट्टा बांधला होता तो ताईने ओळखला. कडेने फाटला म्हणून तीन आठवड्यांपूर्वी तिनेच कचऱ्यात टाकला होता. कुणीतरी तो तिथून उचलून, धुऊन, लाल दोरा बांधून परत कामाला लावला होता. खाली पांढरी चादर अंथरली होती आणि चादरीवर एक उशी. उशी नवी होती.

धाकट्याने महाराजांना चार बोटांचं सांगितलं, हे विशेष. महाराजांनी मोठ्या मनाने होकार दिला. ताईची शंका आहे ना, म्हणाले, शंका म्हणजेही एक वजनच, तेही उचलू. लोक हसले. ताईकडे वळून बघून हसले. तिला त्याची सवय होती.

महाराजांनी बोट घातलं. डोळे मिटले. "बाळा," इंजिनाच्या कानात म्हणाले, कान नक्की कुठे होता कुणास ठाऊक, "तू हलका आहेस."

इंजिनाचा त्यावर विश्वास बसला नाही.

महाराजांनी पुन्हा सांगितलं, थोडं खडसावून. मग दुसरं बोट घातलं. मग, इकडेतिकडे बघून, अख्खा हात. पडद्यामागून काहीतरी करकरलं आणि सेवेकऱ्याचं कण्हणं ऐकू आलं. गर्दी चुळबुळायला लागली, तसे महाराज सरळ उभे राहिले, कपाळ पुसलं आणि म्हणाले की, आज भक्तांनी आपला भार पुरता टाकलेला नाही. मनात राखून ठेवला आहे. जा, आणा, टाका.

लोक धावले. पाच मिनिटांत लोखंडाची रीघ लागली. क्रँकशाफ्ट आले, डिस्क आल्या, कुणी दुकानाचं शटर तोलून धरणारं वजन काढून आणलं, रंगवाले काका ज्या गिअरबॉक्सने अंगठा चेचला होता त्याचं झाकण घेऊन लंगडत आले. पडद्याआडून सेवेकरी पुरे, पुरे म्हणत होता, पण भक्तीच्या भरात त्याचं कुणी ऐकेना. ताईने येणारं लोखंड नजरेने जोखत मनात बेरीज केली. नव्वद केव्हाच मागे पडले होते. दीडशे होत आले होते.

"आणि अजून एक," महाराज आता घाईत होते, "भक्त खाली नाही म्हणून लोखंड रुसलंय. ये बाळा, झोप. खाली आलास की बघ कसं उठतं."

धाकटा पुढे झाला. चादरीशी बसला, एक गुडघा टेकला, उशीकडे हात नेला. ताई गर्दीतून वाट काढत होती, पण वाट निघत नव्हती. कुणी बाजूला सरायलाच तयार नव्हतं. ओरडून समजावण्याएवढा वेळ नव्हता, आणि दीड महिना समजावून काय झालं होतं ते ती बघतच होती. तिने समजावलं नाही. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि वडिलांच्या आवाजात, गॅरेजमध्ये द्यायची तशी आरोळी दिली.

"खाली कोण?"

धाकट्याचा गुडघा उचलला गेला. विचार करायच्या आधीच तो वाकला, इंजिनाखाली चारी बाजूंनी पाहिलं, आणि तीस वर्षांच्या सवयीने तोंडातून गेलं, "कोणी नाही."

मग त्याने खाली पाहिलं. स्वतःचा एक पाय चादरीवर होता. बघून उत्तर दिलं होतं आणि ते खोटं ठरत होतं. त्याने डावा कान चोळला, पाय उचलला आणि चांगला तीन पावलं मागे झाला.

"अरे, कुठे चाललास?" महाराज म्हणाले, आणि तेवढ्यात पडद्यामागे पिंप अडकवून ठेवणारी, भाराने वाकलेली खुंटी सुटली.

इंजिन वर गेलं. वीतभर नाही, थेट छताकडे गेलं. महाराजांच्या कफनीची बाही एका बोल्टमध्ये अडकली होती, त्यामुळे महाराजही दोन फूट वर गेले. आयुष्यात पहिल्यांदाच ते खरोखर हलके झाले होते, आणि चेहऱ्यावरून ते त्यांना आवडलेलं दिसत नव्हतं. बाही फाटली, महाराज टाचांवर खाली आले आणि मागे कोलमडले. पलीकडे पिंप जमिनीवर आदळलं, पडदा दांडीसकट खाली आला. इंजिन वरच्या तुळईला धडकलं, पट्ट्याला हिसका बसला, आणि जिथे पट्टा फाटला होता आणि लाल दोरा बांधला होता, नेमका तिथेच तो तुटला.

घोड्यांच्या काटक्या झाल्या. चादरीच्या जागी इंजिन होतं, अर्धं जमिनीत.

उशी फुटली होती. कापूस वर उडाला आणि बराच वेळ सावकाश खाली येत राहिला. लोकांच्या खांद्यांवर, केसांवर, महाराजांच्या दाढीवर. त्या दिवशी गोदामात खरोखर हलकं असं तेवढंच होतं.

धाकट्याने आधी आपल्या दोन्ही पंजांकडे पाहिलं, मग जिथे त्याचं डोकं असणार होतं तिथे. मग तो भिंतीला टेकून खाली बसला. ताई त्याच्या शेजारी जाऊन बसली. खांद्यावर हात ठेवला. त्याचा खांदा जड होता. तिला ते फार बरं वाटलं.

भानावर आल्यावर लोक पिंपाकडे गेले. दोर पिंपाच्या कडीतून निघून छतात जात होता, कापड फाटल्यामुळे आता वरच्या दोन कप्प्याही दिसत होत्या. साध्या कप्प्या, गल्लीत प्रत्येकाकडे असतात तशा. पिंपातून सांडलेलं लोखंड ज्याचं त्याने ओळखलं. हा माझा गिअर. हे माझं बेअरिंग, आईच्या आजारपणात टाकलं होतं. गल्लीभरची दुःखं तिथे ग्रीस लावून व्यवस्थित रचून ठेवलेली होती, आणि दीड महिना तीच वजनं समोरचं इंजिन उचलत होती. महाराजांचं त्यात एक बोट होतं.

सेवेकरी पडद्याखालून रांगत बाहेर आला, कमरेवर हात ठेवून. त्याला कुणी मारेल असं वाटत होतं, पण कुणात तेवढं त्राण नव्हतं. "तीन वर्षं रोज पिंप भरतोय आणि रिकामं करतोय," तो ताईला म्हणाला. "पाठ गेली हो माझी. वजन भ्रम आहे म्हणणाऱ्याने एकदा तरी हात लावायचा होता."

महाराज म्हणाले की, आज भक्तांचं मन जड होतं, आणि एका बाहीनिशी मागच्या दाराने गेले. धाकट्याचा जीव धोक्यात घातल्याबद्दल त्यांच्यावर रीतसर तक्रार दाखल झाली. पण ती पुढची गोष्ट.

गोष्ट तिथेच संपायला हवी होती, पण रंगवाले काका कापूस झटकत ताईपाशी आले. "पण ताई," ते म्हणाले, "महाराजांच्या कृपेने धाकटा वाचलाच ना?"

ताईने डोळे मिटले आणि पाचपर्यंत मोजलं. मग उघडले.

"काका, तो बाजूला झाला म्हणून वाचला. बाजूला का झाला, तर कुणीतरी विचारलं म्हणून. लोखंडाला श्रद्धा कळत नाही, तुमचीही नाही आणि माझीही नाही. त्याला फक्त खाली कसं यायचं ते कळतं. आपण ते रोज उचलतो. इथेही तेवढंच करायचं होतं. वजन किती ते विचारायचं, पुस्तकातलं नाही, समोरचं. पट्टा बघायचा. खाली कोण ते बघायचं. आणि कुणी काही अधांतरी उचलून दाखवलं, तर हात जोडायच्या आधी एकदा मान वर करून दोर कुठे जातो ते बघायचं. बघितल्याने खऱ्याचं काही बिघडत नाही."

काकांनी मान वर केली. कप्प्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग आपल्या अंगठ्याकडे.

सोमवारी सकाळी ते इंजिन गोदामातून बाहेर काढायचं होतं, आणि ते काम अर्थातच ताईच्या वाट्याला आलं. तिवई उभी केली, नवा पट्टा घातला, चेन-पुली लावली. धाकटा साखळीपाशी होता. मनगटावर दोरा नव्हता. डोळ्यांखाली काळं होतं. तीन रात्री झोप नाही, तिने न विचारताच तो म्हणाला. डॉक्टरकडे जाऊ या, ती म्हणाली, झोपेचे डॉक्टर असतात. त्याने मान हलवली. मग साखळी धरली आणि विचारलं.

"खाली कोण?"

ताईचे गुडघे दुखत होते. तरी ती वाकली, चारी बाजूंनी पाहिलं, आणि मगच म्हणाली, "कोणी नाही."

इंजिन चार बोटं वर आलं. दोघं थांबली आणि बघू लागली.